आपटे आणि यम

मंडळी, कोल्हापुरात मिसळ कुणाची झणझणीत यावर जशी भांडणं जुंपतात, तशीच लिनक्स वापरणाऱ्यांत 'पॅकेज मॅनेजर'वरून जुंपतात. संगणकावर एखादं सॉफ्टवेअर आणायचं, त्याला लागणारे सुटे भाग जुळवायचे, नको झालं की काढून टाकायचं, हे सगळं बघणारा हा घरचा कारभारी.

इतिहास शिकवला असल्यामुळे मला या भांडणाचं मूळ बघावंसं वाटलं. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन निघाल्या. स्लॅकवेअरचा कारभारी सुटे भाग शोधून देत नाही, ज्याचं त्यानं बघावं. त्याच्या चाहत्यांना याचाच अभिमान! रेड हॅटनं आरपीएम आणलं. पण एक पॅकेज बसवायला गेलं की ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं. लग्नाच्या यादीसारखं, संपायचंच नाही. डेबियननं १९९९ च्या आवृत्तीत 'एपीटी' दिलं आणि ही सगळी यादी कारभारीच आणू लागला. पुढे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल आणि सहकाऱ्यांनी आरपीएमवाल्यांसाठी 'यम' तयार केला.

माझे दोन माजी विद्यार्थी या दोन बाजूंचे. एपीटीची इंग्रजी अक्षरं सलग वाचून एकानं त्याला 'आपटे' केलं. त्यावर आपटेवाल्यानं विचारलं, "रोज सकाळी यमाला घरी बोलावणारा तूच ना?" आपटेही विनोदाला कमी नाही. 'एपीटी-गेट मू' असा हुकूम दिला, की पडद्यावर गाय येते आणि विचारते, आज हंबरलात का?

आता गंमत बघा. या भांडणात कुणाचंच काही अडत नाही. रेड हॅटनं २००४ साली 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. ते रेड हॅटच्या घरातल्या फेडोरात मिळतात, तसेच डेबियनमध्येही. म्हणजे आपटे आणा किंवा यम, मराठी अक्षर दोघांच्याही पडद्यावर उमटणार. मालाला कुलूप असतं आणि किल्ली एकाच्याच हाती असती, तर या चेष्टेची कटकट व्हायला वेळ लागला नसता.

सेथ विडाल २०१३ साली सायकलवरून जाताना मोटारीच्या धडकेत गेले. हे कळल्यापासून यमावरचा विनोद मी जरा जपूनच करतो. २०१५ साली फेडोरात यमाच्या जागी 'डीएनएफ' आला. राजेरजवाड्यांच्या इतिहासात कारभाऱ्यांची नावं सहसा पुसली जातात. इथं मात्र फेडोरात आजही कुणी सवयीनं 'यम' टाइप केलं, तर त्या हाकेला डीएनएफ ओ देतो.