काचबिंदूचे थेंब व कॉर्निया

काचबिंदूत डोळ्यातील दाब उतरवणारे थेंब बहुधा जन्मभर घालावे लागतात. त्यामुळे बुबुळावरच्या पारदर्शक कॉर्नियाला औषधाचा रोजच संपर्क होतो. बऱ्याचदा त्रास मूळ औषधापेक्षा बाटलीतील बेन्झाल्कोनियम क्लोराइड या परिरक्षकाचा असतो: ते अश्रूंचा तेलकट थर विरघळवते, वरच्या पेशी सुटतात, डोळा चुरचुरतो. मूळ औषधांपैकी टिमोलॉलने कॉर्नियाची संवेदना कमी होऊ शकते. लॅटानोप्रॉस्टने तो किंचित पातळ होतो. पातळ कॉर्नियावर मोजलेला दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, ही बाब तपासणीत सहज निसटते. डॉर्झोलामाइड आतल्या थरातील पाणी उपसणारे विकर रोखते. निरोगी डोळ्याला ते सहसा बाधत नाही, पण या थरातील पेशी आधीच घटल्या असतील तर कॉर्निया सुजून धुरकट होऊ शकतो. त्या पेशी पुन्हा जवळजवळ वाढत नाहीत.

डोळ्याला बसलेल्या फटाक्याच्या जबर मारानेही कॉर्नियाच्या आतल्या थरातील या पेशी मरतात आणि काचबिंदू कधी कधी अनेक वर्षांनी उद्भवतो. अशा रुग्णाने जुनी इजा डॉक्टरांना आवर्जून सांगावी. चुरचुरीमुळे थेंब परस्पर बंद करू नयेत. परिरक्षकरहित थेंब मिळतात.