बाटलीतल्या चिमणीविषयी

* लेखकाने इथे ज्या ‘शेवटच्या चिमणी’चा ओझरता उल्लेख केला आहे, ती म्हणजे फ्लोरिडातली डस्की सीसाइड स्पॅरो. मेरिट बेट आणि सेंट जॉन्स नदीकाठच्या खाजणांपलीकडे ती कुठेही आढळत नसे. डासांच्या बंदोबस्तासाठी तिथे आधी डीडीटी फवारले गेले, मग खाजणेच पाण्याखाली घातली गेली. अखेर उरले ते मोजके नर. त्यांतला शेवटचा, ‘ऑरेंज बँड’ नावाचा नर, जून १९८७ मध्ये डिस्ने वर्ल्डच्या पिंजऱ्यात मेला. त्याचा देह गेन्सव्हिलच्या निसर्गेतिहास संग्रहालयात द्रवाच्या बाटलीत जपलेला आहे.

संग्रहालयातला पक्षी बहुधा कापूस भरलेल्या कातड्याच्या रूपात असतो. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख, नर की मादी आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. या चिठ्ठीविना नमुना मुका, असे आम्ही ठामपणे म्हणू. कारण तो पक्षी एके काळी नेमका कुठे राहत होता, याचा पुरावा तीच देते. ऑरेंज बँडच्या ऊतींनी त्याहून अधिक सांगितले. १९८९ मध्ये अव्हाइस आणि नेल्सन या संशोधकांनी त्यांतला डीएनए तपासला, तेव्हा तो अटलांटिक किनाऱ्यावरच्या इतर सीसाइड स्पॅरोंशी जवळजवळ जुळला. मेक्सिकोच्या आखाताकडच्या चिमण्या मात्र दूरच्या निघाल्या. दुर्दैवाने, वंश टिकवण्यासाठी संकराकरिता निवडलेल्या माद्या त्या आखाताकडच्याच होत्या. – संपादक