खोडदच्या तबकड्या, जगाची पाळी

नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, 2002 पासून जगभरच्या संशोधकांना खुली झाली.

वेळ मात्र मोजका.

वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवतात. तज्ज्ञ ते तपासतात आणि वेळवाटप समिती येत्या सहामाहीचे तास ठरवते. मागणी उपलब्ध तासांहून कितीतरी जास्त असल्याने चांगले प्रस्तावही परत जातात. अर्जदार कुठल्याही देशाचा चालतो. कस लागतो तो त्याच्या प्रश्नाचा. भारतीयांच्या करातून उभ्या राहिलेल्या यंत्राबाबतचा हा निर्णय खरोखर मोठ्या मनाचा. त्याचे फळही दिसले: 2018 मध्ये नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांच्या नेतृत्वाखालील चमूने जीएमआरटीच्याच आकाशसर्वेक्षणातून तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका हेरली.