वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी कोण राखतं?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. आज मात्र ते ओळखलं जातं ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांसाठी.

कासवं किनाऱ्यावर का येतात?
मादी फक्त अंडी घालायला जमिनीवर येते. हिवाळ्यात, बहुधा रात्री, ती वाळूत सुमारे दीड फूट खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. पुढे अंड्यांना आईचं संरक्षण नसतं. वाळूची ऊब पुरते. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त जन्मतात, कमी तापली तर नर.

धोका कोणाचा?
कुत्री आणि कोल्हे अंडी उकरतात. पूर्वी माणसंही खाण्या-विकण्यासाठी ती काढून नेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याला बंदी आहे, पण प्रत्येक किनाऱ्यावर रात्रभर पहारा कोण देणार?

गावाने काय केलं?
2002 मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने इथे काम सुरू केलं आणि गावकऱ्यांना सोबत घेतलं. पहाटे किनारा फिरायचा, मादीच्या पावलांच्या खुणांवरून घरटं शोधायचं, अंडी कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीवर पुरायची. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि समुद्राकडे सोडली जातात. हा सोहळा पाहायला पर्यटक येऊ लागले, त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होते, म्हणजे कासव वाचलं तर चार पैसेही घरात येतात.

किनारा राखला, समुद्राचं काय?
पिल्लांपैकी फार थोडी मोठी होतात. मोठी कासवं मासेमारीच्या जाळ्यात अडकतात. जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं.

ती जातात कुठे?
जानेवारी 2022 मध्ये वेळासला एका मादीला सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवला गेला. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी तर 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. एका किनाऱ्याने राखलेलं कासव असं दुसऱ्या किनाऱ्याचंही असतं. त्यामुळे एकट्या वेळासने जागून भागत नाही.