नोटर डेम : ग्रंथालय आणि मैदान समोरासमोर

अमेरिकेतील इंडियाना राज्यात, साउथ बेंड शहरालगत असलेल्या नोटर डेम विद्यापीठाच्या ग्रंथालयावर येशू ख्रिस्ताचे भव्य भित्तिचित्र आहे. १९६४ मध्ये साकारलेल्या या चित्रात संत व विद्वानांच्या मेळ्यातील ख्रिस्ताने दोन्ही हात उंचावलेले आहेत. समोरच फुटबॉलचे स्टेडियम आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे पोहोचला की पंचही असेच हात वर करतो. विद्यार्थ्यांनी मग चित्राचे नामकरण 'टचडाउन जीझस' असे करून टाकले. विद्या, धर्म आणि मैदान यांच्यातील जुने नाते, आणि ओढाताणही, या विनोदात सामावली आहे.

होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ मध्ये या संस्थेची स्थापना केली, तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते. नाव पॅरिसच्या प्रसिद्ध कॅथीड्रलप्रमाणे मेरीमातेचे असले, तरी अमेरिकेत त्याचा उच्चार 'नोटर डेम' असाच होतो. एप्रिल १८७९ मध्ये मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली. सप्टेंबरच्या सत्रापर्यंत तिच्या जागी नवी इमारत उभी राहिली. तिच्यावरील सोनेरी घुमट आज विद्यापीठाची खूण आहे.

मात्र देशभर नाव झाले ते फुटबॉलमुळे. नॉर्वेत जन्मलेले क्नूट रॉक्नी हे याच विद्यापीठाचे पदवीधर. रसायनशास्त्र विभागात ते फादर ज्युलियस न्यूलँड यांचे सहायक होते. न्यूलँड यांच्या ॲसिटिलीनवरील संशोधनातून पुढे निओप्रीन हे कृत्रिम रबर आले. रॉक्नी मात्र प्रयोगशाळेऐवजी मैदानावर रमले. १९१८ ते १९३० या काळात त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, १२ गमावले व पाच बरोबरीत सोडवले. १९३१ मध्ये कॅन्ससमधील विमान अपघातात त्यांचे निधन झाले. कॅथलिक स्थलांतरितांकडे संशयाने पाहिले जाण्याचा तो काळ होता. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या आयरिश, इटालियन, पोलिश कामगारांना हा संघ आपला वाटे. 'फायटिंग आयरिश' हे नाव १९२७ मध्ये अधिकृत झाले.

यशाबरोबर प्रश्नही आला : विद्यापीठ संघासाठी की संघ विद्यापीठासाठी? १९२५ च्या रोझ बाउल सामन्यानंतर, हंगामाअखेरच्या अशा सामन्यांमुळे अभ्यास बुडतो म्हणून त्यांत न खेळण्याचे धोरण ठरले. ते चार दशकांहून अधिक काळ पाळले गेले. १९६९ मध्ये ते बदलताना, मिळणारा पैसा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी वापरण्याचे ठरले. १ जानेवारी १९७० चा तो सामना संघ टेक्सासविरुद्ध २१-१७ असा हरला. शिष्यवृत्तीची सोय मात्र झाली.

तेव्हा अध्यक्षपदी फादर थिओडोर हेसबर्ग होते. १९५२ ते १९८७ अशी ३५ वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. १९६७ मध्ये त्यांनी विद्यापीठाचा कारभार धर्मगुरू नसलेल्यांचाही समावेश असलेल्या विश्वस्त मंडळाकडे सोपवला. १९७२ पासून पदवी वर्गांत विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला. पुढे त्यांच्याच बास्केटबॉल संघाने २००१ व २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणले.

जुन्या प्रश्नाने २०१६ मध्ये पुन्हा डोके वर काढले. संघाच्या सहायकांपैकी एका व्यक्तीने काही खेळाडूंना अभ्यासात गैरमार्गाने मदत केल्याचे उघड झाले होते. राष्ट्रीय क्रीडा संघटनेने २०१२ व २०१३ च्या हंगामांतील २१ विजय रद्द ठरवले. चौकशी विद्यापीठानेच केली होती, त्यामुळे ही शिक्षा प्रामाणिकपणालाच असल्याची तक्रार झाली. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण २०१८ मध्ये अपील फेटाळले गेले.

विद्यार्थिजीवनाचा केंद्रबिंदू वसतिगृह हा आहे. अमेरिकेत इतरत्र बोकाळलेली 'फ्रॅटर्निटी' मंडळे येथे नाहीत. मुलामुलींची वसतिगृहे वेगळी असून प्रत्येकात स्वतःचे प्रार्थनागृह आहे. रात्री ठरावीक वेळेनंतर मुलांना मुलींच्या आणि मुलींना मुलांच्या वसतिगृहातील खोल्यांत थांबता येत नाही. मतदानाचा हक्क असलेल्यांना घड्याळाचे बंधन कशाला, हा वाद येथे नवा नाही. शाखा कोणतीही असो, तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र चुकत नाही.

येथील एका स्पर्धेचा धागा थेट आपल्या उपखंडाशी जुळतो. होली क्रॉसचे धर्मप्रसारक १८५३ मध्ये पूर्व बंगालमध्ये पोहोचले होते. त्यांच्या कार्याला मदत म्हणून १९३१ पासून 'बेंगॉल बाउट्स' ही विद्यार्थ्यांची मुष्टियुद्ध स्पर्धा भरते. ढाक्यातील नोटर डेम कॉलेज याच संघाने १९४९ मध्ये सुरू केले. या हौशी मुष्टियोद्ध्यांपैकी बहुतेकांनी पूर्वी कधी हातमोजे चढवलेले नसतात. तिकिटांतून व देणग्यांतून जमणारा पैसा बांगलादेशातील शाळा व दवाखान्यांसाठी जातो.