खादरचा भाला

मेरठला पोस्टिंग होतं तेव्हा एका रविवारी गंगेच्या खादरात गेलो होतो. खादर म्हणजे नदीकाठची, पुराच्या गाळाची सखल जमीन. एक म्हातारा शेतकरी उसाच्या फडातल्या मचाणावरून उतरत होता. रात्रभर डबा वाजवून त्यानं रानडुकरं हाकलली होती. मी फौजी आहे कळल्यावर हसून म्हणाला, "पहले तो आप लोग भाला लेकर आते थे, अब क्यों नहीं आते?"

खरंच यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथं कादिर कप सुरू झाला. 'कादिर' हा 'खादर'चाच इंग्रजी अपभ्रंश. घोड्यावरून डुकराचा पाठलाग करायचा. ज्याच्या भाल्यानं पहिलं रक्त काढलं, तो जिंकला. पुढे स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलनं 1883 साली हा कप जिंकला आणि 1889 मध्ये या शिकारीवर पुस्तकही लिहिलं. घोडदळाच्या अधिकाऱ्याची नजर आणि हिंमत यातून तयार होते, असं तेव्हा मानत.

पण एक नियम पाहा. भाला फक्त नराला. मादीला सोडून द्यायचं. आणि डुक्कर बंदुकीनं मारणं हे साहेबांच्या लेखी पापच. एका वेतात चार-सहा पिल्लं देणारी मादी सुखरूप राहिली, तर कळप कमी कसा होणार? तो कमी व्हायलाच नको होता. पुढच्या वर्षी खेळायला डुक्कर हवं होतं. पीक कुणाचं जातंय, हा प्रश्न त्या खेळात नव्हताच.

1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंधनं घातली, मात्र पिकाला धोका असेल तर परवानगीनं मारण्याची वाट ठेवली. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्रानं उत्तराखंडच्या काही भागांत रानडुकराला वर्षभरासाठी उपद्रवी ठरवलं. केरळनं 2022 मध्ये गोळीची परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिले. विष, स्फोटकं आणि विजेच्या तारेला मात्र मनाई. कारण स्पष्ट होतं. 2020 च्या मे महिन्यात पलक्कड जिल्ह्यात एक गर्भवती हत्तीण तोंडात स्फोटकं फुटून मेली होती. असं आमिष तिथं डुकरांसाठी ठेवतात.

आमच्या आजऱ्याकडेही हे चालतं. मी सुट्टीवर असताना आमच्या मोत्यानं बांधावरचा पिठाचा गोळा उचलला. जबडाच उरला नाही. गोळा ठेवणाऱ्याचा भुईमूग डुकरांनी दोनदा उकरला होता, हेही मला माहीत होतं. त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं नाही.

आपण माजी-आजी सैनिक सुरुंग पेरतो तेव्हा नकाशा ठेवतो, कुंपण घालतो. पिठाच्या गोळ्याला नकाशा नसतो. पोरगं गुरं घेऊन तिथूनच जातं. म्हणून परवाना असलेला, निशाणा ओळखून गोळी झाडणारा माणूस हवा, आणि तो अर्ज केल्यावर सुगीच्या आत यायला हवा. तो उशिरा आला की गोळे ठेवले जातात.

त्या म्हाताऱ्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतो: बाबा, तो भाला तुमच्या उसासाठी कधी आलाच नव्हता.

जय हिंद.