बारा दिवस थांबला असता तर? पीतज्वर, डास आणि एक हुकलेला प्रयोग



मी एडीस डासांवर पीएचडी करतेय, हे तुम्हाला माहीत आहेच. घरी आई विचारते, "आज काय केलंस गं?" बऱ्याचदा खरं उत्तर असतं, "वाट पाहिली." डासाच्या मादीला विषाणू असलेलं रक्त पाजायचं आणि मग दहा-बारा दिवस थांबायचं. त्याआधी तिच्या लाळेत सहसा काही सापडत नाही. आम्हाला ही गोष्ट पुस्तकात आयती मिळाली. पण ती माहीत नव्हती म्हणून एक माणूस, मुद्दा बरोबर असूनही, एकोणीस वर्षं चुकीचा ठरला. आज त्याच्याविषयी.

आजार आहे पीतज्वर, म्हणजे यलो फीवर. ताप येतो, कावीळ होते आणि प्रकृती बिघडली तर पोटात रक्तस्राव होऊन काळी उलटी होते. १७९३ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराची साधारण एक दशांश वस्ती या साथीत गेली. आजार पसरतो कशाने, तर कुणी म्हणे घाणेरड्या हवेने, कुणी म्हणे रोग्याच्या कपड्यांनी आणि अंथरुणाने.

हवानामधले क्यूबन डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १४ ऑगस्ट १८८१ रोजी तिथल्या विज्ञान अकादमीत निबंध वाचला. हा आजार डास पसरवतो, असं त्यांनी मांडलं आणि कोणता डास तेही सांगितलं. आज आपण त्यालाच एडीस इजिप्ती म्हणतो. नुसतं बोलून ते थांबले नाहीत. पुढच्या काही वर्षांत त्यांनी शंभरेक स्वयंसेवकांना डास चावू दिले. पण बहुतेकांना काहीच झालं नाही. काहींना थोडा ताप आला, पण शहरात साथ असताना तो डासामुळेच आला हे कसं सिद्ध करणार? लोक त्यांना हसले.

चुकलं कुठे? फिनले यांच्या मते डास म्हणजे दूषित सुईसारखा. रोग्याला टोचली, मग दुसऱ्याला टोचली. सुईसाठी कोण थांबतं? त्यामुळे रोग्याला चावलेला डास ते अवघ्या काही दिवसांत निरोगी माणसाला चावू देत.

यातला हरवलेला दुवा सापडला तो डास न पाहता, दिवस मोजून. १८९८ साली मिसिसिपी राज्यातल्या ऑरवुड आणि टेलर या लहान वस्त्यांत डॉ. हेन्री कार्टर यांनी कोणत्या घरात कोण कधी आजारी पडलं याची नोंद ठेवली. पहिला रोगी आणि त्याच्यापासून झालेले पुढचे रोगी यांच्यात दोन ते तीन आठवडे जात होते. पण माणसाला लागण झाली की ताप काही दिवसांतच येतो. मग मधले दिवस जातात कुठे? त्याच्या आदल्याच वर्षी आपल्याकडे सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात वाढताना पाहिला होता. म्हणजे मधले दिवस डासाच्या शरीरात जात असणं शक्य होतं.

१९०० साली वॉल्टर रीड, जेम्स कॅरोल, जेसी लाझीर आणि अरिस्टिडीस आग्रामोंते असं अमेरिकी सैन्याचं पथक क्यूबात आलं. फिनले यांनी त्यांना डासांची अंडी दिली. बघा हं, हसणाऱ्या जगावर रुसून ते बसले नाहीत. लाझीर यांनी डास वाढवले. सुरुवातीचे प्रयोग पुन्हा फसले. मग २७ ऑगस्टला कॅरोल यांनी स्वतःला एक डास चावून घेतला. त्या डासाने बारा दिवसांपूर्वी, आजाराच्या दुसऱ्या दिवशी असलेल्या रोग्याचं रक्त प्यायलं होतं. कॅरोल मरता मरता वाचले. लाझीर मात्र सप्टेंबरात आजारी पडले आणि २५ तारखेला गेले. वय ३४. त्यांच्या वहीतल्या तारखा रीड यांनी जुळवल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. डासाने रोग्याला पहिल्या दोन-तीन दिवसांतच चावायला हवं आणि नंतर उन्हाळी हवेत बारा दिवस जायला हवेत. तेवढ्या वेळात विषाणू आतड्यातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो.

मग लाझीर यांच्याच नावाच्या छावणीत पक्की परीक्षा झाली. एका खोलीत रोग्यांच्या घाणेरड्या चादरींवर माणसं वीस रात्री झोपली, कुणीही आजारी पडलं नाही. दुसऱ्या खोलीत मधोमध जाळी लावली. डास होते त्या बाजूचा स्वयंसेवक नाताळच्या दिवशी तापाने फणफणला, जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. पुढे विल्यम गॉर्गस यांनी साठलेल्या पाण्यावर मोहीम काढली आणि १९०१ संपता संपता हवानातून पीतज्वर गेला.

या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वयंसेवकांकडून लेखी संमती घेतली होती, त्या काळासाठी ही मोठीच गोष्ट. पण त्यांच्यातल्या स्पेनहून आलेल्या गरीब मजुरांना शंभर डॉलर, आणि आजारी पडल्यास आणखी शंभर, असा करार होता. गरजू माणसाची अशी संमती कितपत मोकळी? ऑगस्ट १९०१ मध्ये अशाच पुढच्या एका प्रयोगात क्लारा मास ही २५ वर्षांची परिचारिका गेली. त्यानंतर माणसांवरचे ते प्रयोग बंद पडले.

फिनले यांची गोष्ट मला धीर देते आणि घाबरवतेही. प्रयोग फसला म्हणजे कल्पना चूक, असं दर वेळी नसतं. कधी कधी आपण वेळच चुकीची निवडलेली असते. पण ते कळतं कशाने? नेमक्या तारखा लिहून ठेवल्याने. त्यामुळे आता माझ्या वहीत रोज पहिली ओळ असते ती दिवसाच्या आकड्याची. आजचा दिवस सातवा. अजून पाच बाकी.

आणि हो, तोच डास आपल्याकडे डेंगी पसरवतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. तेव्हा कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आजच रिकाम्या करा. भेटूच.